परमिट रूम, आतून

दुपारी साडेतीन-चारची वेळ मी मुद्दाम निवडली होती. त्या वेळी परमिट रूममध्ये गर्दी नसते, मॅनेजर गल्ल्यावर बसून पेंगत असतो आणि पोरं टेबलं पुसत असतात. मला बघायच्या होत्या त्या गोष्टी मोजक्याच. वर एसी सेक्शन आहे का, बायकांसाठी वेगळं टॉयलेट आहे का, आणि असलं तर त्याची कडी लागते का. काळ्या काचेचं दार ढकलून मी आत पाऊल टाकलं. फिनेल, डांबरगोळी आणि तळलेल्या बोंबलांचा एकत्र वास. भिंतीवर लाल-हिरव्या दिव्यांत लखलखणारा गणपती. आवाज बंद केलेल्या टीव्हीवर कुठलीतरी जुनी मॅच. फडकं मारणारा पोरगा थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग वळून रिकाम्या टेबलांकडे बघितलं आणि अगदी अदबीने, खरं म्हणजे थोड्या काळजीनेच विचारलं, "मॅडम, किसको ढूंढ रहे हो?"

मी म्हटलं, "टॉयलेट देखना है." त्याने दाखवलं. कडी नव्हती, तिच्या जागी सुतळी होती.

पोरगा बिचारा काही वावगं बोलला नव्हता. उद्धटपणा तर नव्हताच. लालबागमधल्या परमिट रूमच्या दारात पन्नाशीकडे झुकलेली, खांद्याला पिशवी लावलेली बाई उभी राहिली, तर ती कोणाला तरी शोधायला आलेली असणार हे त्याला त्याच्या नोकरीने शिकवलंय. तरीही तो प्रश्न माझ्याबरोबर बाहेर आला, करी रोडच्या पुलापर्यंत चालत आला, लोकलमध्ये शेजारी बसला. कारण तो मी आधीही ऐकला होता. याच भागात, अशाच एका दारात. तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची होते आणि प्रश्न मराठीत होता.

आधी हे टॉयलेट बघत फिरण्याचं कारण सांगते. माझ्या मैत्रिणीचा घटस्फोट झाला. परस्पर संमतीचा, म्हणजे भांडण, आरोप, पोलीस असलं काही नाही. अर्ज केल्यावर सहा महिने थांबायचं असतं, तेवढी ती थांबली. २०१७ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की योग्य कारण असेल तर कोर्ट ही मुदत माफ करू शकतं. तिच्या वकीलबाईंनी विचारलंही, तसा अर्ज टाकू का म्हणून. ही म्हणाली, "राहू द्या. एवढी वर्षं गेली, सहा महिन्यांनी काय होतंय." पावसाळ्याच्या तोंडावर निकाल हातात आला. डोंबिवलीचं घर सोडून ती आईकडे लालबागला आली. आमची चाळ पाडून जो टॉवर उभा राहिला, त्यातल्या आईच्या वन रूम किचनमध्ये. आमच्या ऑफिसातल्या पोरींना मी हे सांगितलं तर त्या लगेच म्हणाल्या, "मग बार क्रॉल करा ना!" एका संध्याकाळी चार बार, प्रत्येक ठिकाणी एकेक ड्रिंक, आणि मधलं अंतर चालत जायचं. ब्रेकअप झालेल्या मैत्रिणीला त्या म्हणे असंच फिरवतात. मी हे हसण्यावारी नेण्यासाठी हिला सांगितलं. ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "चालेल. पण लालबागमध्येच करायचा. आणि कोपऱ्यावरचा तो धरून."

तो म्हणजे कुठला, हे मला विचारावं लागलं नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही अगदीच लहान होतो. अडीच लाख माणसांचा तो संप कोणी कधी रीतसर मागे घेतलाच नाही, त्यामुळे आमच्या चाळीत तो कधी संपला असं कोणाला नक्की सांगता येत नसे. काहीजण गावाला गेले, काही रखवालदार झाले, काहींनी भाजीची पाटी लावली. माझे वडील माळ घालून भजनी मंडळात गेले. तिचे वडील, ज्यांना आम्ही सगळीच पोरं दादा म्हणायचो, ते कोपऱ्यावरच्या परमिट रूममध्ये गेले. दादा वाईट नव्हते, हे मी आजही म्हणेन. गणपतीत मखर करायचे ते तेच, आम्हाला चिवडा गल्लीतून पावशेर चिवडा आणून द्यायचे ते तेच. पण संध्याकाळी सातनंतर मावशी, म्हणजे तिची आई, जिन्याच्या तोंडाशी येऊन हाक मारायची, "जा गं, बघ जरा." मग ही निघायची, आणि हिला एकटीला जायला नको म्हणून बरोबर मी.

आत जायचं नसे. तसं कोणी सांगितलं नव्हतं, पण नसे. दाराला तेव्हा काच नव्हती, जाड तपकिरी पडदा होता; तो हलला की आतला पिवळा उजेड आणि धूर बाहेर यायचा, आणि ग्लासांचा आवाज. आम्ही दोघी पायरीच्या खाली उभ्या राहायचो. ही हाक मारायची, "दादा!" पहिल्यांदा हळू, मग मोठ्याने. कोणीतरी पडद्यातून डोकं काढायचा, "कोण पाहिजे गं?" हिने नाव सांगितलं की तो आत जाऊन यायचा. "येतायत म्हणतात." मग वाट बघायची. समोरच्या डंकावर मिरच्या कांडत असायच्या, त्याने नाक झोंबायचं. डोळ्यांतून पाणी आलं तर ते मिरचीचं, असं ठरलेलं होतं.

सगळ्यात लक्षात राहिली ती दिव्याची अवस. आषाढ अमावस्येला मावशी घरातले सगळे दिवे, समया, निरांजनं चिंचेने घासून पाटावर मांडायची, कणकेचे गोड दिवे उकडायची. त्याच दिवशी खाली गटारी. श्रावण लागायच्या आत पिऊन घ्यायची पुरुषांची घाई, आणि त्याच संध्याकाळी बायकांची दिव्यांची पूजा. एकाच तिथीला ही दोन कामं नेमून देणारा कोण होता त्याला भेटायला मला आवडेल. दिवे लावून झाले की मावशी म्हणायची, "जा, त्यांना म्हणावं दिवे लागलेत." आम्ही जायचो. निरोप आत जायचा. आतून हसण्याचा आवाज यायचा. त्या हसण्यात दादांचं हसू कुठलं, ते आम्ही दोघी ओळखायचा प्रयत्न करायचो.

तर या मैत्रिणीसाठी मला बार क्रॉल ठरवायचा होता.

ठरवायला बसल्यावर पहिल्यांदा वार आडवे आले. शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर विचारलं, तर एकीचा सोमवार, एकीचा मंगळवार, दोघींचा गुरुवार, आणि शनिवारी मारुती सगळ्यांचाच. उरले बुधवार, शुक्रवार, रविवार. त्यातून संकष्टी वजा करा. आषाढी एकादशीला ड्राय डे, तो वजा करा. त्यानंतर श्रावण, तेव्हा दारू सोडा, दोघी जणी कांदासुद्धा खात नाहीत. एकीने लिहिलं, "मी येईन, पण फोटो टाकायचे नाहीत." दुसरीने विचारलं, "ह्यांना काय सांगू?" तिसरीने नुसताच हात जोडल्याचा इमोजी टाकला, जो होकार की नकार हे अजून कळलेलं नाही. आठवड्याभरात सगळ्या गळाल्या आणि आम्ही दोघीच उरलो. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. घटस्फोट झालेल्या बाईला हसवायचंच असा पण करून आलेल्या चार बायका ही काही सोपी गोष्ट नाही.

मग टॉयलेट. पुरुषांच्या बार क्रॉलचा नकाशा दारूच्या दरावर ठरत असेल. आमचा टॉयलेटवर ठरला. बिअर प्यायची म्हणजे दर अर्ध्या तासाने जावं लागणार, आणि आमच्या वयात त्याहून लवकर. खालच्या हॉलमध्ये बेसिनशेजारी एकच दार, त्यावर कसलीच पाटी नाही, ही सर्वसाधारण परिस्थिती. जिथे वर एसी आहे तिथे बहुतेक वेळा वेगळं टॉयलेट असतं, पण वरचे दर जास्त. म्हणजे बाईला त्याच बाटलीसाठी जास्त पैसे पडतात, कडीसह. एका ठिकाणी टॉयलेटात सोड्याचे क्रेट रचलेले होते. मॅनेजर म्हणाला, "लेडीज आल्या तर हलवतो." किती वेळा हलवावे लागले, ते मी विचारलं नाही.

यावर मी सुचवलं की निम्मं लोअर परळला करू. पूल ओलांडला की गिरण्यांच्या आवारात काचेचे मोठमोठे बार आहेत, टाक्यांमध्ये बिअर तिथेच बनवतात, टॉयलेटात गवती चहाचा वास येतो आणि दारात कोणी कोणाला शोधत नाही. फिनिक्स मॉलच्या आवारात गिरणीची चिमणी अजून तशीच उभी आहे. तिच्याखाली लोक खरेदीच्या पिशव्या घेऊन सेल्फी काढतात. मला त्याचा राग येतो असं मी पूर्वी म्हणायचे. आता मीही तिथे जाते, सेलमध्ये कुर्ते घेते. मावशीला मात्र ते आवार अजून चालत नाही. २०१७ च्या डिसेंबरात कमला मिलमधल्या आगीत चौदा माणसं गेली, तेव्हापासून ती म्हणते, "तिथे श्वास घ्यायला जागा नव्हती तेव्हाही, आताही नाही." माझी मैत्रीण मात्र वेगळ्याच कारणाने नाही म्हणाली.

"तिथे मला कोण ओळखतं? तिथे बसून काय उपयोग?"

मला हे पटायला वेळ लागला. मी उलट समजत होते. मला वाटत होतं की जिथे कोणी ओळखत नाही तिथे नेणं हीच तिची सोय.

तिच्या नवऱ्याबद्दल आता सांगायला हवं, थोडक्यात. मावशीने जावई निवडला तो एका शब्दावर: निर्व्यसनी. त्या काळी वधूवर सूचक मंडळाच्या वहीत तो शब्द असला की बाकीचे रकाने कोणी वाचायचं नाही. आणि तो खरंच होता तसा. दारू नाही, सिगारेट नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. संध्याकाळी सात-दहाला घरात. ही कधी कोणाला बोलवायला गेली नाही. फक्त तो बोलायचा नाही. रागाने नव्हे, अबोला धरून नव्हे, त्याला बोलायचं काही नसायचंच. मुलगा पुण्याला शिकायला गेल्यावर घरात पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला, असं ती म्हणाली होती. लोकांना हे कारण सांगता येत नाही. "पितो का? मारतो का? बाहेर काही आहे का?" तिन्हीला नाही म्हटलं की समोरचा माणूस हिच्याकडेच संशयाने बघतो. तिच्या सख्ख्या मामाने विचारलं, "मग अडचण काय आहे?" ती म्हणाली, "मामा, काहीच नाहीये, हीच." मामाला ते विनोदी वाटलं.

ठरल्या दिवसाच्या आधी मी तिला परवान्याची गंमत सांगितली. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे. साठच्या दशकात बंदी सैल झाली, पण उठली नाही, म्हणून तर बारला परमिट रूम म्हणतात. कायद्याने प्यायला परवाना लागतो, आणि तो आरोग्य राखण्यासाठी दिलेला असतो. एका दिवसाचा विदेशी मद्याचा परवाना पाच रुपये, देशीचा दोन. टेबलावर तो कोणी मागत नाही हा भाग वेगळा. ती इतकी हसली की मावशी स्वयंपाकघरातून बघायला आली. "म्हणजे लग्न मोडायला सहा महिने," ती म्हणाली, "आणि तब्येतीसाठी प्यायला पाच रुपये." मग तिने खरोखर विचारलं, "दादांकडे होता का गं परवाना?" मला कसं माहीत असणार?

शुक्रवार ठरला. पाऊस पडत होताच. पहिला बार मी पाहून ठेवलेला, वर एसीवाला. आम्ही दोघींनी एक-एक बिअर घेतली, मसाला पापड, चीज चेरी पाइनॅपल हा पदार्थ अजून मिळतो हे बघून तोही मागवला. शेजारच्या टेबलावर कोणाचा तरी वाढदिवस होता. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मी मनातल्या मनात माझ्या नियोजनाची पाठ थोपटली. ती मात्र घड्याळ बघत होती. बिल आल्यावर बडीशेप तोंडात टाकून ती उठली. "चल, आता तिकडे."

चालत गेलो. मसाल्याची दुकानं बंद होत होती, ओल्या रस्त्यावर हळदीचा आणि लवंगेचा वास बसला होता. वरून उड्डाणपुलावरची वाहतूक, खाली आम्ही एका छत्रीत. कोपऱ्यावर पोचलो तेव्हा ती पायरीच्या खाली थांबली. अगदी त्याच जागी असं म्हणायचा मोह होतोय, पण पायरी बदललीय, रस्ता उंच झालाय, पडद्याच्या जागी काळी काच आहे आणि पाटीवर नाव निळ्या दिव्यांनी लिहिलंय. तिने काच ढकलली.

"मॅडम, ऊपर एसी है. फॅमिली के लिए."

"नीचे बैठना है."

वेटरने मॅनेजरकडे बघितलं. मॅनेजरने मान डोलावली, पण जरा उशिराने. आम्हाला भिंतीजवळचं टेबल मिळालं. आजूबाजूला सगळे पुरुष. बरेचसे एकेकटे, समोर क्वार्टर, सोड्याची बाटली, नजर टीव्हीवर. पहिल्या मिनिटाला सगळ्यांनी आमच्याकडे बघितलं, दुसऱ्या मिनिटाला बघत नसल्यासारखं केलं, आणि मग खरंच विसरले. मला वाटलं होतं तितकं अवघड नव्हतं ते. एकाने मात्र खुर्ची वळवून पाठ केली. आमच्यामुळे की पंख्यामुळे, सांगता येत नाही. वेटरने न मागता उकडलेल्या चण्यांची वाटी आणून ठेवली, वर बारीक चिरलेला कांदा, लिंबाची फोड. इथे कोणी जुना वेटर भेटला, त्याने दादांना ओळखलं, असं काही झालं नाही. सगळी पोरं विशी-बाविशीची होती. दादा जाऊन चौदा वर्षं झाली. ते कुठल्या टेबलावर बसायचे, काय प्यायचे, हे सांगणारं त्या खोलीत कोणीच नव्हतं. तिने रम मागवली. मी विचारलं, रम प्यायचे का दादा? "माहीत नाही," ती म्हणाली, "वासावरून तरी वाटतंय."

दोन घोट घेऊन ती दाराकडे बघत बसली. मीही बघितलं. आतून त्या काचेत आमचंच टेबल दिसत होतं, निळा दिवा, वेटरची पाठ. बाहेरचा रस्ता दिसत नव्हता. बाहेर कोणी उभं असतं तरी दिसलं नसतं.

"मला कायम वाटायचं, ते आतून आपल्याला बघतायत," ती म्हणाली. "बघून पण उठत नाहीत."

"तेव्हा काच नव्हती."

"पडदा होता. पडद्यातून तरी काय दिसणार?"

आम्ही दोघी त्यावर जरा वेळ गप्प राहिलो. मला वाटलं, चला, एवढं तरी झालं, चाळीस वर्षांचं एक ओझं उतरलं असेल. मी तसं काहीतरी बोलणारही होते. तिने वाटीतले चार चणे तोंडात टाकले, चावले, आणि म्हणाली, "पण हाक तर ऐकू येत असणार ना."

मी काही बोलले नाही. टीव्हीवर कोणीतरी आऊट झाला, सगळ्या टेबलांवरून एकदम "अर्रे" असा आवाज आला. या सगळ्या माणसांची घरं आहेत, कुठेतरी ताट झाकून ठेवलेलं असेल, हा विचार माझ्या डोक्यात आला; आणि त्याच वेळी तिथे बसायला मला छान वाटत होतं, हेही खरं. थंड बिअर, गरम बोंबील फ्राय, बाहेर पाऊस, आणि जागेवरून उठायचं नाही. दादा रोज का यायचे ते मला त्या संध्याकाळी जरासं कळलं, आणि कळलं याचा रागही आला. दोन्ही एकाच टेबलावर.

पुढचे दोन बार आम्ही केलेच नाहीत. तीच म्हणाली की एका जागी बसलोय, कशाला हलायचं. परत मागवलं. नवऱ्याबद्दल ती अवाक्षर बोलली नाही, मुलाबद्दल बोलली, डोंबिवलीच्या भाजीवाल्याबद्दल बोलली, मामाची नक्कल करून दाखवली. ती टॉयलेटला गेली तेव्हा मी दाराबाहेर उभी राहिले, कारण कडीचा भरवसा नव्हता. निघताना मॅनेजरने सुटे पैसे परत देत मराठीत विचारलं, "पुन्हा याल?" ती म्हणाली, "श्रावण झाल्यावर."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. मावशीला अर्थातच कळलं होतं. त्या बाईला चौदाव्या मजल्यावरूनही वास येतो. पण ती ओरडली नाही. चहा ठेवता ठेवता तिने पाठमोरीच विचारलं, "कुठे बसलात? कोपऱ्यावर?" ही हो म्हणाली. मग बराच वेळ चहा उकळत राहिला, आणि मावशीने विचारलं, "तिथे खायला काय देतात?" दादा रात्री घरी आले की भूक नाही म्हणायचे, रोज, आणि झाकलेलं ताट सकाळी तसंच निघायचं, म्हणजे ते तिथेच काहीतरी खात असणार, हे कोडं मावशीच्या डोक्यात इतकी वर्षं होतं.

"चणे," हिने सांगितलं. "उकडलेले. वर कांदा."

"चणे?" मावशी वळली. "मी इथे सुकटीचं कालवण करून ठेवायची, आणि तो चणे खायचा?"

"बाटलीबरोबर फुकट मिळतात गं आई ते."

"मग बरोबर आहे," मावशी म्हणाली. "फुकटचं त्याला फार गोड लागायचं."